सकाळी माकड, रात्री मांजर: वालपराईच्या एका वाटाड्याबरोबर

जुन्नर तालुक्यात आमचा अडीच एकर ऊस आहे. मागच्या डिसेंबरात तोड चालू असताना टोळीतल्या एका बाईनं कोयता खाली टाकला आणि मला हाक मारली. पाचटात दोन पिल्लं होती. डोळे नुकते उघडलेले, एकेक पिल्लू माझ्या मुठीएवढं. आमच्याकडं उसात पिल्लं सापडली की पहिला अंदाज बिबट्याचाच असतो. तोड थांबवली, माणसं बांधावर घेतली आणि वनखात्याला फोन लावला. वनरक्षक आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "बिबट्या नाही भाऊ, वाघाटी आहे." वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. पुरती वाढली तरी किलो-दीड किलोची. संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली, समोर कॅमेरा लावला. आई रात्री दहाला आली आणि एक घेऊन गेली. दुसरं न्यायला तिला पहाटेचे सव्वातीन वाजले. मधले पाच तास मी पडवीत बसून काढले.

माझी मुलगी पुण्यात प्राणीशास्त्र शिकते. तिनं ती चित्रफीत बघितली आणि म्हणाली, "पप्पा, हिची चुलत बहीण बिबट मांजर दक्षिणेत सदाहरित जंगलात राहते. आणि तिच्या डोक्यावरच्या झाडांत जे सिंहशेपटीचं माकड राहतं, ते सह्याद्री सोडून जगात कुठं नाही. बघायला जाऊ या." ऊस कारखान्याला गेला, फेब्रुवारीत आम्ही दोघं तमिळनाडूतल्या वालपराईला निघालो.

जाण्याआधी मराठीत कुणी सविस्तर लिहिलंय का ते शोधलं. काही हाताला लागलं नाही, म्हणून हे लिहितोय. ज्या घरात राहिलो त्यांनी नाव जाहीर लिहू नका अशी विनंती केली. ते एका वेळी चारच पाहुणे घेतात आणि त्यांना गर्दी नको आहे. मी ती विनंती पाळतो. पण त्यांच्या वाटाड्यानं काय केलं आणि काय करायला नकार दिला, ते वाचलं की तुम्हाला तिथला कुठलाही वाटाड्या पारखता येईल.

पुण्याहून रेल्वेनं कोइमतूर, तिथून बसनं पोल्लाची, पोल्लाचीहून दुसरी बस. पोल्लाची ते वालपराई साधारण ६५ किलोमीटर. आळियार धरण मागं पडलं की घाट लागतो आणि त्यात ४० वळणं आहेत, प्रत्येक वळणावर नंबराची पाटी. नवव्या वळणावरून खाली धरणाचं पाणी दिसतं आणि तिथल्या कड्यावर निलगिरी ताहर, म्हणजे डोंगरी रानबकरे, उभे असतात. आम्हाला तीन दिसले, बसच्या खिडकीतून. माळशेज घाटात लहानपणापासून जाणं-येणं असल्यानं मला वळणांचं काही वाटलं नाही, मुलीला मात्र बसस्टँडवर उतरल्यावर अर्धा तास बसून राहावं लागलं. ज्यांना गाडी लागते त्यांनी आधीच गोळी घ्या.

आम्ही एक दिवस आधी पोचलो, त्यामुळं पहिली रात्र गावातल्या एका लॉजवर काढली. त्यांचीही नाइट सफारी होती, माणशी ८०० रुपये. मी पैसे दिले आणि ती चूक मला अजून बोचते. जीपच्या टपावर मोठा सर्चलाइट. चालक चहाच्या मळ्यांतून वेगानं जायचा आणि डोळे चमकले की प्रकाश त्यावरच धरून ठेवायचा. एका वळणावर गव्यांचा कळप होता, त्यात वासरं. प्रकाश पडल्यावर एक वासरू आंधळ्यासारखं चहाच्या झुडपांवर आदळलं. मी म्हटलं, लाइट बंद करा. चालक म्हणाला, मागच्या दोन गाड्यांना फोटो घेऊ द्या. आमच्या गावात बिबट्या दिसला की पोरं गाड्या घेऊन मागं लागतात, बॅटऱ्या मारतात, आणि मग तोच घाबरलेला बिबट्या कुणाच्या तरी गोठ्यात शिरतो. पैसे मोजून मी तेच करत होतो. मुलगी परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या मळ्यातल्या त्या घरी गेलो. जुन्या चाकरमान्यांच्या चाळीतल्या दोन खोल्या नीट करून घेतल्यात. कौलं, जाड भिंती, रात्री गारठा चांगलाच, घोंगड्या दोन-दोन. अंघोळीचं पाणी लाकडावरच्या बंबात तापतं, त्याच्या धुराच्या वासानं मला माझ्या आजीच्या परसातलं न्हाणीघर आठवलं. जेवण घरातल्या बाई करतात: भात, सांबार, रसम, एखादी कोरडी भाजी, ताक. भाकरीची आठवण येतेच, पण रसम असं की मी तीनदा मागून घेतलं.

वाटाड्या पन्नाशीच्या पुढचा. त्याचे आजोबा चहाच्या मळ्यावर मजूर म्हणून आले, वडील तिथंच राबले. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो आणि तो माझ्या मुलीला 'अक्का' म्हणायचा. हे दोन्ही शब्द आपल्याकडंही तसेच वापरतात, त्यामुळं पहिल्या तासाभरातच ओळख झाल्यासारखं झालं. बाकी बोलणं त्याच्या मोडक्या हिंदीत, मुलीच्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत.

निघण्याआधी त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. पिशवीत खायचं काही असेल तर घरी ठेवा. माकडं जवळ आली तर मागं सरका. आणि आज दिसलीच नाहीत तर मी हाका मारणार नाही, फांद्या हलवणार नाही. मग फोन काढून बघितला. वालपराईत हत्ती कुठं आहेत याचे निरोप लोकांच्या फोनवर येतात आणि मळ्यांत खांबांवर तांबडे दिवे बसवलेत, हत्ती जवळपास असले की ते लुकलुकतात. ज्या ओढ्याकडं आम्ही जाणार होतो तिकडं आदल्या रात्री हत्ती होते, म्हणून त्यानं वाट बदलली. आमच्याकडं बिबट्याची खबर चावडीवर, दुधाच्या डेअरीवर आणि आता व्हॉट्सअॅपवर फिरते, त्यातली निम्मी खोटी निघते. इथला निरोप खरा असतो आणि लोक तो मानतात, हे मी दोन दिवस डोळ्यांनी बघितलं.

माकडाबद्दल आधी नावाचा घोळ सांगतो. आपल्याकडं पुस्तकांत 'सिंहपुच्छ वानर' लिहितात. पण आपण वानर म्हणतो ते काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं, पाला खाणारं. हे जातीनं माकड आहे. गालात पिशव्या असतात, फळं भरून घेतं आणि सावकाश बसून खातं. शेपूट आखूड आणि टोकाला सिंहासारखा गोंडा. तमिळमध्ये सिंगवाल कुरंगु, म्हणजे सिंहाच्या शेपटीचं माकड. ते नाव जास्त बरोबर आहे. आणखी एक: त्याच जंगलात निलगिरी वानर राहतं, तेही काळं. आमच्याबरोबर असलेलं एक जोडपं पहिल्या सकाळी त्यालाच बघून खूष झालं होतं. अण्णानं त्यांना शांतपणे समजावलं की याची शेपूट बघा, फांदीवरून खाली लोंबतेय आणि टोकाला गोंडा नाही.

जवळजवळ सगळे वाटाडे पाहुण्यांना पुदुतोट्टमला, रस्त्याकडेला नेतात. हा पोल्लाचीच्या रस्त्यालगतचा जंगलाचा तुकडा, साधारण सव्वादोनशे एकर. आमच्या गावच्या शिवारात असे कितीतरी तुकडे बसतील. तेवढ्यात शंभराहून जास्त सिंहशेपटीची माकडं राहतात. हे प्राणी खरं तर उंच झाडांच्या शेंड्यांवर राहणारे, जमिनीवर क्वचित येणारे. पण १८९०च्या सुमारास इंग्रजांनी ह्या पठारावरचं जंगल तोडून कॉफी आणि चहा लावायला सुरुवात केली आणि जंगलाची बेटं उरली, चाळीसेक. पुदुतोट्टम त्यातलंच एक. माकडांना एका झाडावरून दुसऱ्यावर जाता येईना, म्हणून ती खाली उतरायला शिकली, रस्ता ओलांडायला शिकली, आणि घरांत, कचऱ्यात खाणं शोधायलाही शिकली. रस्त्याच्या वर झाडाझाडांत जाड पट्ट्यांचे झुलते पूल बांधलेत आणि रस्त्यावर माणसं उभी असतात, गाड्या हळू करायला लावतात.

तिथं आम्ही दहा मिनिटं थांबलो असू. एक पर्यटक गाडीची काच खाली करून केळं दाखवत होता. अण्णा त्याच्याजवळ गेला, हात जोडून काहीतरी बोलला. केळं आत गेलं. परत येऊन आम्हाला म्हणाला, "गाडीतून खाऊ मिळतो हे एकदा कळलं की हे पोर गाडीखाली येतं." मग तो आम्हाला रस्त्यावरून हलवून वर, कॉफीच्या सावलीतून चढावर घेऊन गेला. तुम्ही जो वाटाड्या घ्याल तो रस्त्यावरच माकड दाखवून परत फिरत असेल तर समजा की तुम्हाला अर्धंच दाखवतोय.

वर दीड तास काही नाही. फक्त शेकरू, आपल्या राज्यप्राण्याचीच जात, फणसाच्या झाडावर. नंतर महाधनेशाच्या पंखांचा आवाज, जणू कुणी दूरवर भाता ओढतंय. मग एक 'कू' आला. बारीक, पाळण्यातल्या पोराच्या कण्हण्यासारखा. अण्णानं बोट वर केलं आणि आम्ही तिथंच बसलो. हळूहळू चारी बाजूंनी पानं हलू लागली. सोळा मोजले. एक नर, बाकी माद्या आणि पोरं. चेहरा काळा, नुसता काळा नाही, चुलीतल्या तव्याच्या बुडासारखा चकचकीत, आणि त्याभोवती रुपेरी आयाळ. उन्हाची तिरीप पडली की आयाळीचा एकेक केस वेगळा दिसायचा.

एक मादी आमच्यापासून वीस फुटांवर, डोळ्यांच्या उंचीच्या फांदीवर आली. पोटाला पोर. तिनं वाळक्या फांदीची साल सोलली, आत बोट घातलं, काढून वास घेतला, परत घातलं. काहीतरी पांढरं निघालं, ते तोंडात. मग पानामागून एक केसाळ सुरवंट उचलला. मला वाटलं, टाकून देईल. आमच्याकडं शेवग्यावरचा सुरवंट अंगाला लागला तर दिवसभर खाज जात नाही. तिनं जवळचं एक पान तोडलं, सुरवंट त्यात धरला आणि फांदीवर घासला. परत उलगडून बघितला, परत घासला. केस गेल्याची खात्री झाल्यावरच खाल्ला. पोरानं हात पुढं केला तर तिनं त्याचा हात बाजूला केला आणि स्वतःच चावली. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "हे फक्त वाचलं होतं." हे बघायला आम्हाला एकूण चाळीस मिनिटं मिळाली, ती कुणाच्याही हाकेशिवाय आणि एकाही केळ्याशिवाय.

त्याच झाडीत एक कलेनियाचं झाड होतं. दुरियन ह्या काटेरी फळाच्या कुळातलं. फुलं थेट फांदीवर फुटतात, तपकिरी, गुच्छागुच्छांनी, वास उग्र. जुन्या जंगलात ही माकडं ह्या झाडावर फार अवलंबून असतात, फुलंही खातात आणि पुढं काटेरी फळंही. मळ्यांमधल्या ओसाड तुकड्यांत अशी मूळ झाडं परत लावायचं काम नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था वीस वर्षांहून जास्त काळ इथं करते. अण्णानं अशी एक लावण दाखवली. झाडं दोन पुरुष उंच झालीत, पण अजून फांदी फांदीला भिडत नाही. बागाईतदाराला झाडाची वाढ कळते. हे जुळायला अजून एक पिढी जाणार, हे मला तिथं उभ्या उभ्या दिसलं. मादी सहाव्या वर्षाच्या आसपास पहिल्यांदा विते, एका वेळी एकच पोर, आणि दोन पोरांत दोन-तीन वर्षांचं अंतर. सगळ्या जगात मिळून ही माकडं साधारण चार हजारांच्या घरात आहेत. माझ्या डोक्यात तेव्हा हिशेब चालू होता की झाडं आधी मोठी होतील का माकडं आधी संपतील.

दुपारी ओट्यावर बसून अण्णानं सायलेंट व्हॅलीची गोष्ट काढली. ती इथून उत्तरेला, पालघाटच्या खिंडीपलीकडं, केरळात. सत्तरच्या दशकात तिथं कुंतिपुळा नदीवर विजेसाठी धरण बांधायचं ठरलं होतं. शिक्षक, कवी, विद्यार्थी उठले, आणि ह्या माकडाचं नाव सगळ्या देशात गेलं. धरण रद्द झालं आणि १९८४ साली तिथं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. ही गोष्ट मला सोपी नाही. आम्ही कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर जगणारी माणसं. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणं नसती तर माझ्या रानात ऊस नसता आणि मुलगी पुण्यात शिकत नसती. मी अण्णाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुमचं धरण तुमच्या जागी बरोबर. ते धरण त्या जागी चूक होतं." आम्ही त्यावर बराच वेळ बोललो आणि मी त्याच्याशी पूर्ण सहमत झालो नाही. पण सकाळची ती मादी बघून आल्यावर ह्या गोष्टीकडं मला पहिल्यासारखं बघता आलं नाही.

आता मांजर.

बिबट मांजर, तमिळमध्ये सिरुत्तै पूनै, त्याचाही अर्थ तोच. घरच्या मांजराएवढं, पाय जरा उंच. अण्णाच्या रात्रीच्या बैठकीत गाडी चालत नाही. मळ्याच्या आतल्या रस्त्यावर, ओढ्यावरच्या मोरीपासून पन्नास पावलांवर गाडी उभी करायची, इंजिन बंद, काचा अर्ध्या खाली, आणि बसायचं. हातात एकच छोटी बॅटरी, तिला तांबडा कागद लावलेला. खाली उतरायचं नाही, कारण बिबट्या आणि गवे दोन्ही आहेत. पहिल्या रात्री सव्वादोन तास बसलो. काही दिसलं नाही. ओढ्याचं पाणी, बेडूक, दूर कुठंतरी भेकर भुंकलं. बाराशे रुपये गेले. ज्यांना पैसे देऊन हमखास काहीतरी बघायचं आहे, त्यांनी ही बैठक घेऊ नये, हे मी स्पष्ट लिहितो. अण्णाही ते आधीच स्पष्ट सांगतो.

दुसऱ्या रात्री सव्वानऊला मोरीच्या कठड्यावर काहीतरी आलं. अण्णानं बॅटरी त्याच्यावर न मारता शेजारच्या गवतावर मारली, म्हणजे कडेचा उजेड तेवढा मिळावा. कपाळावरून डोळ्यांच्या आतल्या बाजूनं दोन पांढऱ्या रेघा नाकापर्यंत उतरलेल्या. अंगावर काळे ठिपके, पाठीवर ओळीनं. ते खाली पाण्याकडं बघत होतं, आमच्याकडं नाही. एक पंजा उचलला, हवेतच धरला. उंदीर असावा किंवा बेडूक, आम्हाला दिसलं नाही. मग झेप, गवत हललं, आणि ते परत कठड्यावर, तोंडात काही नाही. पंजा चाटला. वळलं तेव्हा कानांच्या मागचे पांढरे ठिपके लखकन दिसले, आणि चहाच्या झुडपांत गेलं. अण्णानं बॅटरी केव्हाच बंद केली होती. सगळं मिळून अर्धा मिनिट. मुलीनं कॅमेरा उचललाच नव्हता.

गाडीत कुणी बोललं नाही. मग अण्णानं विचारलं, तुमच्याकडची ती लहान मांजर कशी असते? मुलीनं त्याला पडद्यावर आमच्या क्रेटची चित्रफीत दाखवली. काळोखात आई येते, क्रेटभोवती दोनदा फिरते, आत तोंड घालते, पिल्लाला मानेला धरून उचलते. अण्णानं ती तीनदा बघितली. "दुसऱ्याला नेलं का?" त्याचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, सव्वातीनला. त्यानं डोळे मिटून हात जोडले.

दोन्ही जनावरं एकाच मळ्यात राहतात, पण त्यांचं ओझं सारखं नाही, आणि ह्या सहलीत मला ते समजलं. मांजराला कॉफी चालते, ओढ्याकाठचं गवत चालतं, उंदीर असले की चहाच्या कडाही चालतात. एका वेताला दोन-तीन पिल्लं होतात, गर्भ दोन-सव्वादोन महिन्यांचा. आपल्याकडं वाघाटी उसात निभावते तसंच. बिबट मांजराला मारतात ते भरधाव गाड्या आणि मोकाट कुत्री. ते थांबवता येण्यासारखं आहे, वेग कमी केला, कुत्री आवरली की झालं. जगाच्या यादीत बिबट मांजर आज धोक्यात नाही. माकडाचं तसं नाही. त्याला शेंडा शेंड्याला भिडलेला हवा. तो एकदा तुटला की जोडायला माझ्या आयुष्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आमच्या फडातलं वाघाटीचं घर दर हंगामाला एका दिवसात जातं, पण जून-जुलैत परत उभं राहतं. ह्या माकडांचं घर सव्वाशे वर्षांपूर्वी गेलं आणि ती अजून त्याच्या उरलेल्या तुकड्यांत दिवस काढतायत. तरीही लोक मांजर दिसण्यासाठी जास्त पैसे मोजायला तयार असतात, कारण ते दिसत नाही. माकड रस्त्यावर दिसतं, म्हणून ते भरपूर आहे असं वाटतं. लॉजवरच्या माणसानं आम्हाला तेच सांगितलं होतं: "माकडं काय, फुकट दिसतात, नाइट सफारी घ्या."

म्हणून माझा सल्ला: पैसे कमी असतील तर सकाळची पायपीट घ्या, दोनदा घ्या. रात्रीची बैठक एकदाच आणि फक्त अशा माणसाबरोबर जो गाडी बंद करतो.

उणिवाही सांगतो. दुर्बीण एकच होती, चौघांत फिरवावी लागली. स्वतःची न्या. दुसऱ्या सकाळी आम्ही ठरल्यापेक्षा पाऊण तास उशिरा निघालो, कारण अण्णाच्या घरात आजारपण होतं. त्यानं आदल्या रात्री कळवलं असतं तर बरं झालं असतं, कारण सकाळचे पहिले दोन तासच मोलाचे असतात. खोलीत मोबाइलला रेंज जवळजवळ नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी चढावाची वाट घेऊ नये, ओली पानं फार निसरडी असतात. आम्ही कोरड्या दिवसांत गेलो म्हणून जळवांचा त्रास झाला नाही. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी जळवांचे मोजे न्यायलाच हवेत.

खर्च दोघांचा मिळून: राहणं-जेवण रात्रीला ४,२०० रुपये, सकाळची पायपीट १,८०० आणि रात्रीची बैठक १,२००. मोलभाव करू नका. शेतमालाला भाव पाडून मागणारा व्यापारी मी रोज बघतो, आणि अण्णाच्या दीड तासाच्या गप्प बसण्याला भाव पाडून मागणं मला जमलं नसतं.

परतताना पुदुतोट्टमला बस थांबली. समोर रस्त्यावरच्या झुलत्या पुलावरून एकामागून एक सात माकडं पलीकडं गेली, शेवटची पोटाला पोर घेऊन. चालकानं इंजिन बंद केलं होतं. रस्त्यावरच्या माणसानं हात खाली करेपर्यंत मागच्या कुठल्याही गाडीनं हॉर्न वाजवला नाही. पुढच्या फेब्रुवारीला पत्नीला घेऊन जायचंय, खोली आत्ताच सांगून ठेवली आहे.